ओल्ड फॅशन्ड कशाला म्हणावं

हॉटेलच्या यादीत ‘ओल्ड फॅशन्ड’ एवढंच छापलेलं असतं आणि त्या एका नावाखाली कुठे सोड्याने काठोकाठ भरलेला उंच ग्लास येतो, कुठे लिंबू पिळलेलं आंबटगोड पेय, तर कुठे डब्यातल्या चेरीच्या लाल पाकात बुडालेली व्हिस्की. ती व्हिस्की कोणती, हे सहसा कुणी सांगत नाही आणि फारसं कुणी विचारतही नाही. घरी चार मित्रांसाठी करणाऱ्यांचीही तीच तऱ्हा: साहित्य जमवायचं, बर्बन मिळाली नाही म्हणून कपाटात असेल ते ओतायचं, आणि नाव मात्र मूळचंच ठेवायचं. या लेखात कृती सांगायची आहेच, पण तिच्याआधी नावाचा हिशेब मांडायला हवा. अशा पेयाचं नाव म्हणजे त्याची थोडक्यात लिहिलेली कृतीच असते, असं माझं म्हणणं आहे. नाव वाचून पिणाऱ्याला कळायला हवं की मद्य कोणतं, गोडवा कशाचा, पाणी किती आणि कडवटपणा कुठून आला. यातलं काहीही खुशाल बदलावं, पण जे बदललं ते नावात यावं. हा नेम पाळला तर कोल्हापूरचा गूळ आणि पैठण तालुक्यातली मोसंबी दोन्ही या ग्लासात बिनदिक्कत चालतात. नेम मोडला तर स्कॉटलंडहून आणलेली महागडी बाटली ओतूनही नाव खोटंच ठरतं.

हे नाव आलं कसं, ते पाहिलं की मुद्दा स्पष्ट होतो. ‘कॉकटेल’ म्हणजे काय, याची छापील व्याख्या १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने वाचकाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून दिली होती: कोणतंही कडक मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे कडू मुळ्या, साली आणि मसाले मद्यात मुरवून काढलेला अर्क. तो थेंबांनी मोजायचा. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत बारवाल्यांची हौस वाढली. कुणी संत्र्याचं लिक्युअर घालू लागलं, कुणी मॅराश्चिनो, कुणी अ‍ॅब्सिंथचे थेंब. ही सजावट नको असलेलं जुनं गिऱ्हाईक मग सांगू लागलं की आम्हाला आपलं जुन्या पद्धतीचंच द्या. शिकागोच्या वर्तमानपत्रात ‘जुन्या पद्धतीची कॉकटेल्स’ असा उल्लेख १८८० च्या फेब्रुवारीत सापडतो. अमेरिकेतल्या लुईव्हिलचा पेंडेनिस क्लब हे पेय आपल्याकडे जन्मल्याचं अभिमानाने सांगत आला आहे; पण तो क्लब स्थापन झाला १८८१ मध्ये, म्हणजे पेयाचं नाव छापून आल्यावर एक वर्षाने. बारसं आधी आणि जन्म नंतर, हे काही जुळत नाही. १८९५ मध्ये जॉर्ज कॅपलर याने आपल्या पुस्तकात ‘ओल्ड फॅशन्ड व्हिस्की कॉकटेल’ अशी पूर्ण नावानिशी कृती दिली: साखरेचा छोटा खडा थोड्या पाण्यात विरघळवायचा, अंगोस्तुरा बिटर्सचे दोन झटके, बर्फाचा एक लहान तुकडा, लिंबाच्या सालीची चकती आणि एक माप व्हिस्की. त्या नावात ‘व्हिस्की’ हा शब्द स्वतंत्र लिहिलेला आहे. म्हणजे ‘ओल्ड फॅशन्ड’ ही रीत झाली आणि ‘व्हिस्की’ हा त्या रीतीत बसवलेला माल. पुढे बोलण्याच्या सोयीत मालाचं नाव गळलं आणि रीतीचं तेवढं उरलं. आजचा घोळ तिथूनच सुरू होतो.

व्हिस्कीच्या सगळ्याच पेयांची नावं अशी चालत नाहीत, हा फरक नीट ओळखावा. मॅनहॅटन घ्या. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या प्रमाण कृतीत ५० मिलि राय व्हिस्की, २० मिलि गोड लाल व्हर्मूथ आणि अंगोस्तुराचा एक झटका येतो. त्यात रायच्या जागी स्कॉच घातली की त्याला ‘स्कॉच मॅनहॅटन’ म्हणण्याऐवजी ‘रॉब रॉय’ म्हणतात. १८९४ मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या याच नावाच्या संगीतिकेवरून ते पडलं. व्हर्मूथ गोड न घालता कोरडी घातली तर पुढे ‘ड्राय’ लागतं आणि निम्मी गोड, निम्मी कोरडी असेल तर ‘परफेक्ट’. इथे ‘परफेक्ट’ म्हणजे उत्तम नव्हे, समसमान. यादी वाचताना भले भले इथे फसतात. लिंबू घातलेल्या व्हिस्की सावरमध्ये अंड्याचा पांढरा बलक घातला की ‘बोस्टन सावर’, वरून रेड वाइनचा थर सोडला की ‘न्यूयॉर्क सावर’. एका जातीत मद्य बदललं की नावच बदलतं, दुसरीत नाव तसंच राहून पुढे विशेषण लागतं. ओल्ड फॅशन्ड दुसऱ्या जातीतलं. न्यूयॉर्कमध्ये फिल वॉर्ड या बारटेंडरने टकिला आणि मेस्काल यांचं याच रीतीने पेय बांधलं, तेव्हा त्याला ‘ओहाका ओल्ड फॅशन्ड’ म्हटलं. मेस्कालचा मुलूख पुढे लावला, मागे रीतीचं नाव ठेवलं, आणि घोट घेण्याआधीच गिऱ्हाइकाला काय येतंय ते कळलं.

पैठणच्या वाचकाला हा न्याय नवा वाटू नये. येवल्यात विणलेल्या साडीला आपण पैठणीच म्हणतो. तिला कुणी येवलेकरीण म्हणत नाही. गाव बदललं तरी हातमाग, रेशीम, जर आणि पदराची वीण तीच राहिली, म्हणून नावाला बाध येत नाही. पण तीच नक्षी यंत्रमागावर निघाली की बाजार स्वतःहून तिला ‘सेमी पैठणी’ म्हणतो. पदर उलटा करून पाहिला की फरक कळतो: हातमागावर मोर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, यंत्रमागावरच्या मोराच्या पाठीला सुटलेले किंवा कापलेले धागे असतात. सेमी पैठणी वाईट असं कुणी म्हणत नाही; हजारोंनी खपते, लग्नाकार्यात मिरवते. दुकानदार तीच खरी म्हणून गळ्यात मारतो तेव्हाच भांडण होतं. ओल्ड फॅशन्डला हाच कायदा लावावा. धान्य कुठल्या देशात पिकलं हा गावाचा प्रश्न झाला आणि माप व पद्धत हा विणीचा. गाव बदलल्याने नाव जात नाही, फक्त गाव सांगावं लागतं. वीण बदलली तर मात्र ‘सेमी’ म्हणायची तयारी हवी.

आता मालाकडे वळू. आपल्याकडची खरी गुंतागुंत तिथे आहे, आणि तिचं एक टोक पैठणच्याच धरणात आहे. जायकवाडीच्या नाथसागराचं पाणी छत्रपती संभाजीनगर शहराला आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या औद्योगिक वसाहतींना जातं. बिअर आणि मद्याचे मोठे कारखाने याच वसाहतींत आहेत. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगाच्या पाण्यात आधी पन्नास आणि मग साठ टक्के कपात करायला लावली, तेव्हा हा संबंध घराघरात कळला. त्याच धरणाच्या कालव्यांवर ऊस वाढतो, उसाची मळी होते आणि मळीपासून शुद्ध मद्यार्क. स्वस्त देशी व्हिस्कीचा मोठा हिस्सा अशाच, मळीच्या किंवा धान्याच्या, जवळजवळ चवहीन मद्यार्कात थोडी माल्ट व्हिस्की मिसळून तयार होतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार व्हिस्की म्हणवून घ्यायला धान्यच लागतं, लाकडी पिंपात किमान तीन वर्षं मुरावं लागतं आणि मद्यांश चाळीस टक्क्यांच्या खाली जाऊन चालत नाही. मळीचं मद्य तिथे त्या नावाने विकता येत नाही. आपल्या उत्पादन शुल्क खात्याच्या भाषेत या साऱ्याला ‘भारतीय बनावटीचं विदेशी मद्य’ म्हणतात. स्वदेशी विदेशीपणाचा इतका निरागस नमुना दुसरा नसावा. २०२५ मध्ये राज्याने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा धान्याधारित मद्याचा वेगळा वर्ग केला, त्यामुळे लेबलवर वाचायला आणखी एक ओळ वाढली.

तेव्हा बाटली निवडताना पहिलं काम लेबल वाचण्याचं. ‘सिंगल माल्ट’ लिहिलं असेल तर एकाच डिस्टिलरीतली, केवळ मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मद्यविषयक नियमांत तिची व्याख्या केलेली आहे. ‘बर्बन’ लिहिलं असेल तर ती अमेरिकेतलीच असते, निम्म्याहून अधिक मका आणि आतून जाळलेली कोरी ओक पिंपं. ओल्ड फॅशन्डची आज रूढ झालेली चव बर्बनची आहे: व्हॅनिला, जळकी साखर, लाकूड. इथे आपल्या सिंगल माल्टची बाजू भक्कम आहे. बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये ग्लासगोत आपली सिंगल माल्ट बाजारात आणली, गोव्यातल्या पॉल जॉनची २०१२ मध्ये आली. यातल्या बऱ्याच व्हिस्की बर्बनच्या वापरलेल्या पिंपांत मुरतात, शिवाय आपल्या उष्णतेत पिंपातलं मद्य लाकडात जोराने शिरतं. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य उडून जातं, बंगळुरूत दहा टक्क्यांच्या आसपास. उडणाऱ्याचं नुकसान होतं खरं, पण उरलेल्यात लाकडाची आणि व्हॅनिलाची चव थोड्या वर्षांतच उतरते. म्हणून बर्बन नसेल तर स्कॉचच्या मागे धावण्यापेक्षा धूर न दिलेली भारतीय सिंगल माल्ट घ्यावी. या रीतीत ती स्कॉचपेक्षा सहज बसते. धुराची, म्हणजे पीटेड, बाटली वापरायची असेल तर तेही यादीत लिहावं. धुराची चव एका घोटात कळते आणि ती न आवडणाऱ्याचा ग्लास तसाच राहतो. रोजच्या वापरातली मिश्र देशी व्हिस्की वापरायलाही हरकत नाही, पण तिच्यातल्या अनेकींत आधीच कॅरॅमलची गोडसर झाक असते. तेव्हा साखर निम्मी करावी.

कृती अशी. एक ग्लास, जाड बुडाचा आणि बुटका. त्यात साखरेचा एक खडा, सुमारे चार ग्रॅमचा. खडा नसेल तर सपाट चमचाभर साखर. त्यावर अंगोस्तुरा बिटर्सचे दोन-तीन झटके आणि एक छोटा चमचा पाणी घालावं. साखर पूर्ण विरघळेपर्यंत दाबत-ढवळत राहावं, आणि घाई इथेच नडते. मद्यात साखर नीट विरघळत नाही. आधी व्हिस्की ओतली की साखर तळाला बसते, पहिला घोट कडू लागतो आणि शेवटचा पाक. साखर विरली की ६० मिलि व्हिस्की मापून ओतावी. अंदाजाने नको, मापानेच. तीस मिलिचा छोटा आणि साठचा मोठा पेग आपल्याकडे सर्वांना ठाऊक असतो, पण ‘घरचा पेग’ नावाचं जे माप चालतं ते नव्वदच्या खाली क्वचितच थांबतं. मग एक मोठा बर्फ घालून वीस-तीस सेकंद शांतपणे ढवळावं. फेस येईल असं हलवू नये, कारण यात आंबट रस नाही आणि हवा भरण्याचं काही कारण नाही. शेवटी संत्र्याच्या सालीची बोटभर पट्टी घ्यावी, चकचकीत बाजू ग्लासाकडे धरून चिमटीत वाकवावी. प्रकाशात धरलं तर तेलाचा बारीक फवारा उडताना दिसतो. तीच बाजू ग्लासाच्या काठावरून एकदा फिरवून पट्टी आत सोडावी. चेरी ऐच्छिक आहे. केकवर लावतात ती भडक लाल तर मुळीच नको. संत्र्याची फोड आणि चेरी ग्लासात चेचायची पद्धत अमेरिकेत दारूबंदी उठल्यानंतरच्या काळात रूढ झाली. आवडत असेल तर करावी, पण तिला जुनी पद्धत म्हणणं थोडं विनोदीच आहे.

बर्फ आणि पाणी यांच्याकडे आपण सगळ्यात कमी लक्ष देतो, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तेच सगळ्यात जास्त फसवतात. ढवळताना पेयात साधारण पाचव्या-चौथ्या हिश्शाएवढं पाणी मिसळतं आणि ते मिसळायलाच हवं. मूळ व्याख्येतला तिसरा घटक पाणी आहे. छोट्या चुऱ्याला पृष्ठभाग जास्त, म्हणून तो झपाट्याने वितळतो आणि मे महिन्यात पाच मिनिटांत ग्लासात फिकट सरबत उरतं. वाटीत किंवा डब्यात उकळून गार केलेलं पाणी गोठवून मोठे तुकडे करावेत. बाहेरून आणणार असाल तर रंग पाहा: राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं केलं आहे. निळसर झाक असलेला बर्फ मासळी किंवा दुधाचे कॅन थंड ठेवण्यासाठी असतो, ग्लासात टाकण्यासाठी नाही.

बिटर्सशिवाय हे पेय होत नाही, हे स्पष्टच सांगायला हवं. बिटर्स काढली की उरते ती गोड केलेली व्हिस्की. अंगोस्तुराची लहान बाटली महाग वाटते, पण एका ग्लासाला दोन-तीन मिलि एवढीच लागते आणि उघडल्यावर वर्षानुवर्षं टिकते. योहान झीगर्ट या जर्मन डॉक्टरने व्हेनेझुएलातल्या अंगोस्तुरा गावी १८२४ मध्ये ही बिटर्स तयार केली; १८७५ मध्ये कारखाना त्रिनिदादला गेला, गावाचं नाव त्याआधीच सिउदाद बोलिव्हार झालं होतं, पण बाटलीवर जुन्या गावाचं नाव राहिलं. त्या नावाची एक कडू साल असते. ती या बिटर्समध्ये नसते. नाव गावाचं असून पदार्थाचं वाटावं, ही गफलत इथेही आहे, फक्त इथे तिच्यामुळे कुणाचं नुकसान होत नाही.

आता आपल्या मातीतल्या बदलांविषयी. साखरेऐवजी गूळ घालायचा असेल तर शंभर ग्रॅम गूळ पन्नास मिलि गरम पाण्यात विरघळवून तलम कापडातून गाळावा. गाळल्यावर कापडावर उसाचा चोथा आणि बारीक खर दिसते. ती ग्लासात गेली तर पेय गढूळ होतं. हा पाक फ्रिजमध्ये पंधरवडाभर राहतो. एका ग्लासाला पाच मिलि, म्हणजे एक छोटा चमचा पुरे. गुळाला स्वतःची खारट-खमंग चव असते, हात सैल सोडला तर व्हिस्की तिच्याखाली दबते. गुळाने रीत मोडते का? मोडत नाही, कारण व्याख्येत गोडवा मागितला आहे आणि गूळ गोडवाच देतो. पण चव बदलते, म्हणून नावात गूळ यायला हवा. सालीच्या बाबतीत तर आपल्याला तडजोडही करावी लागत नाही. पैठण, पाचोड आणि जालन्याच्या पट्ट्यात पिकणारी मोसंबी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गोड संत्र्याच्याच जातीची आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं तेही गोड संत्रं याच अर्थाच्या इंग्रजी नावाने. अमेरिकी बारमध्ये जी साल वापरतात ती याच कुळातली. उलट नागपुरी संत्रं वेगळ्या, सैल सालीच्या जातीचं आहे. त्याची साल पातळ असल्याने पीलरखाली फाटते, तेलाचा वासही निराळा, म्हणून मोसंबी सरस. हिरवट मोसंबीही चालते. ती मिठाच्या कोमट पाण्यात चोळून धुवावी, कारण फळावर फवारलेलं औषध सालीवरच असतं, आणि पीलर हलक्या हाताने चालवून आतला पांढरा भाग जमेल तेवढा टाळावा. उरलेल्या फळाचा रस प्यावा. तो ग्लासात ओतलात तर ओल्ड फॅशन्डचं घर सोडून तुम्ही सावरच्या घरात शिरलात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: चव चांगली असली म्हणजे झालं, नावाला काय चाटायचंय? घरी, स्वतःसाठी करताना हे मान्य. पण पैसे घेऊन विकताना नाव हीच मागणी असते. गिऱ्हाईक चव घेऊन मागत नाही, नाव वाचून मागतं. शिवाय नाव ढिलं ठेवलं की कृतीही ढिली होते. लिंबू कधी येतं कधी नाही, सोडा कुणाच्या हाताने किती पडेल याचा नेम नसतो, आणि आवडलेला ग्लास त्याच ठिकाणी दुसऱ्यांदा मिळत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: स्थानिक रूढी हीच शेवटी भाषा ठरवते. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ओल्ड फॅशन्ड म्हटलं की ब्रँडी येते, वर गोड लेमनेड किंवा सोडा, आणि तिथल्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. उद्या आपल्याकडे सोडा घातलेल्यालाच ओल्ड फॅशन्ड म्हणायची रूढी पडली तर बिघडलं काय? पण विस्कॉन्सिनची रूढी नीट पाहा. तिथे माणूस ‘ब्रँडी ओल्ड फॅशन्ड स्वीट’ अशी पूर्ण मागणी करतो; गोड लेमनेड असेल तर ‘स्वीट’, आंबट असेल तर ‘सावर’, निम्मं लेमनेड निम्मा सोडा असेल तर ‘प्रेस’. त्यांनी रीत मोडली, पण प्रत्येक बदलाला नाव दिलं आणि ते सगळ्यांना पाठ आहे. आपल्याकडे सोडा घालून मुकाट्याने ग्लास पुढे ठेवला जातो; त्याला रूढी म्हणणं अवघड आहे.

तिसरा आक्षेप पैठणचा. नाथांच्या गावात, जिथे फाल्गुन वद्य षष्ठीला दिंड्या लोटतात, तिथे कॉकटेलची कृती कशाला? प्रश्न गैर नाही. पण दारू पिणाऱ्यांनी ती मापाने आणि माहिती ठेवून प्यावी, हे सांगणं तिचा प्रचार करणं नव्हे. साठ मिलि व्हिस्कीत, मद्यांश ४२.८ टक्के धरला तर, जवळपास वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा ग्रॅमच्या हिशेबाने ते दोन मापं झाली. गोडव्यामुळे ते जाणवत नाही, म्हणून दुसरा ग्लास भरण्याआधी हा आकडा आठवावा आणि गाडीची किल्ली आधीच दुसऱ्याकडे द्यावी. कायद्याने शंभर मिलि रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंतच सूट आहे. महाराष्ट्रात तीव्र मद्यासाठी वयाची अट पंचवीस वर्षांची आहे, पिण्यासाठी परवाना लागतो, आणि आषाढी-कार्तिकी एकादशीला विक्री बंद असते. यजमान असाल तर हे दिवस पंचांगात पाहून मगच बोलावणं धाडावं.

हॉटेलची यादी लिहिणाऱ्यांसाठी माझी सूचना साधी आहे: आधी मद्य, मग रीत, त्याखाली बारीक अक्षरात बदल. ‘भारतीय सिंगल माल्ट ओल्ड फॅशन्ड’, आणि खाली ‘गूळ, मोसंबीची साल, अंगोस्तुरा, ६० मिलि’. सोडा घालणार असाल तर ‘व्हिस्की हायबॉल, बिटर्ससह’ म्हणावं. ते स्वतंत्र आणि उन्हाळ्याला साजेसं पेय आहे, त्याला उसन्या नावाची गरज नाही. लिंबू घालणार असाल तर ते व्हिस्की सावर. पर्यटकांना भुलवायला ‘पैठण ओल्ड फॅशन्ड’ म्हणण्याचा मोह होईल. साल खरोखर या तालुक्यातली असेल तर त्याऐवजी सरळ ‘पाचोडच्या मोसंबीची साल’ असं घटकांत लिहावं. त्याने माहितीही मिळते आणि तीर्थक्षेत्राचं नाव दारूला लावल्याचं गालबोटही लागत नाही. दारूची दुकानं आणि बार यांना देवदेवता, महापुरुष आणि गडकिल्ल्यांची नावं नकोत, असा राज्य शासनाचा निर्णय आहेच. पेयांच्या नावांनाही तोच संकोच स्वतःहून लावावा.

नावाच्या या काटेकोरपणाची सगळ्यात जास्त गरज न पिणाऱ्याला असते, आणि तिथेच आपण सगळ्यात निष्काळजी असतो. मेजवानीत माळकरी पाहुणा असतो, गरोदर बाई असते, औषधं चालू असलेले कुणी असतं, आणि त्यांच्यापुढे ‘मॉकटेल ओल्ड फॅशन्ड’ म्हणून जो ग्लास येतो त्यात चवीला अंगोस्तुराचे दोन झटके मारलेले असतात. अंगोस्तुरात अल्कोहोल ४४.७ टक्के, म्हणजे बहुतेक व्हिस्कींपेक्षा जास्त. दोन झटक्यांत ते जेमतेम मिलिभर उतरतं, नशा होणार नाही. पण माळ घातलेल्याला मिलिलिटरचा हिशेब सांगून चालत नाही. त्याच्यासाठी कडक कोरा चहा करावा, गार होऊ द्यावा, १२० मिलि चहाला गुळाचा पाक दीड छोटा चमचा, सुंठेची चिमूट, एक ठेचलेली लवंग घालून दहा मिनिटं ठेवावं, गाळून मोठ्या बर्फावर ओतावं आणि वर मोसंबीच्या सालीचा फवारा द्यावा. कडवटपणा चहाचा, ऊब सुंठेची, आणि वास तोच. त्याला ओल्ड फॅशन्ड म्हणू नये. ‘गूळ-मोसंबीचा गार चहा’ म्हणावं, वेगळ्या आकाराच्या ग्लासात द्यावा, आणि ज्या चमच्याने व्हिस्की ढवळली तो त्यात घालू नये.